शेऱ्याचा रकाना

चौतीस वर्षं सातारा स्टँडवर गाड्या लिहिल्या.
आली किती वाजता, गेली किती वाजता,
आणि शेवटी शेऱ्याचा रकाना:
टायर पंक्चर, घाटात धुकं, चालक रजेवर.
आता गोडोलीत, घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात
फुलपाखरं लिहितो.
सकाळी साडेनऊ ते दहा.
वही डेपोतलीच उरलेली, उभ्या रेघांची.

नावं मला येत नव्हती.
पिवळी, पेराएवढी, गवताला घासून जाणारी,
त्यांना मी कोरेगाव लोकल म्हणायचो.
दर दहा मिनिटांनी एक, थांबा कुठेही.
रुईवरचं तांबडं, ती साधी गाडी.
काळं, मोठं, पंखावर निळा पट्टा ओढलेलं,
श्रावणात एखाद्या दिवशी कुंपणावरून जातं,
ती लांब पल्ल्याची. आपल्याकडे थांबा नाही.
कढीपत्त्याभोवती घिरट्या घालणारं ठिपक्यांचं मात्र
शेजारच्या चिन्मयीने सांगितलं : आजोबा, ही लिंबाळी.
तेवढं एकच नाव खरं लिहितो.

वहीत पाच वर्षं आहेत.
वैशाखात दोन, एक, शून्य, एक.
आषाढात कासकडून पाऊस आडवा येतो
तेव्हा खुर्ची पत्र्याखाली, आकडा नाही, नुसती रेघ.
भादव्यात उघडीप पडली की सोळा, बावीस.
नवरात्रात झेंडू फुटला की
लिहिता लिहिता हात मागे पडतो,
एक्केचाळीस, एकदा त्रेपन्न.
पौषात कोवळं ऊन शहाबादी फरशीवर उतरेपर्यंत
एकही पंख उघडत नाही.
थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो
हे मला कुणी सांगायला नको.

मालनचं भांडण कढीपत्त्यावरून.
आमटीसाठी पानं तोडायला जावं तर
पानावर चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी,
आठवड्याने तेच हिरवं, गुबगुबीत,
बोट लावलं की लाल शिंगं काढून वास सोडणारं.
"तुमची गाडी माझं झाड खाते," म्हणते,
आणि अळीची फांदी सोडून पलीकडची तोडते.

यंदा घटस्थापनेला अकरा.
दुसऱ्या माळेला नऊ.
शेरा : शेजारच्या प्लॉटवर पेव्हिंग ब्लॉक,
घाणेरी गेली, रुई गेली, तरवड गेला.
त्याखाली : पाऊस लांबला.
त्याखाली : पालिकेचा डासांचा धूर, मंगळवारी.
एका गाडीला तीन कारणं
मी नोकरीत कधी लिहिली नव्हती.

चौथ्या माळेला चिन्मयीला शेजारी बसवलं.
दोघांनी वेगवेगळं मोजायचं, बोलायचं नाही.
दहाला वह्या उघडल्या.
माझी आठ, तिची एकोणीस.
ती चपलेने मातीत रेघ ओढत राहिली.
तिची जास्तीची अकरा माझ्या डाव्या डोळ्यात अडकलेली,
जिथे दोन वर्षं धुकं होतं
आणि मी ते खंबाटकीचं समजत होतो.

कार्तिकात मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटल्यावर आधी मालनची साडी दिसली,
मी राखाडी म्हणायचो, मोरपंखी निघाली.
मग बाग.
कोरेगाव लोकल इतकी पिवळी असते
हे मला कुणी कळवलं नाही.
आकडा : चोवीस.
गेल्या कार्तिकात अडतीस होती,
तीही धुक्यातून मोजलेली.
नितळ डोळ्याला ती किती भरली असती?
वही इथे गप्प बसते.
उशिरा धावणारी गाडी आणि रद्द झालेली गाडी,
दोन्हींसाठी फलाट सारखाच रिकामा दिसतो.

माघ लागला. शेरा आता चिन्मयी लिहिते,
तिच्या गोल अक्षरात :
"आज चौदा. आजोबांना तेरा. एक फार वरून गेलं."

परवा मालनने हाक मारली, इकडे या, चष्मा राहू द्या.
कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यावर
पिवळ्या मोहरीएवढं एक अंडं.
त्या दिवशी आमटीच्या फोडणीत
पानं नव्हती.